शुगर फक्त रक्तात नसते : ज्येष्ठांच्या नसा, मेंदू आणि आपली आरोग्य शिबिरे

बाबासाहेबांच्या चरित्रातला आजारपणाचा भाग आपण घाईने वाचून पुढे जातो. संविधान, ग्रंथ, धम्मदीक्षा यांच्यापुढे पायदुखी कोणाच्या लक्षात राहणार? पण १९४७-४८ साली, संविधानाच्या मसुद्याचे काम चालू होते त्याच काळात, बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होते आणि पायांतल्या वेदनांनी त्यांना धड झोप लागत नव्हती. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी त्यांनी विवाह केला, त्यामागे प्रकृती सांभाळणारे, वैद्यकीय ज्ञान असलेले माणूस जवळ असावे हेही एक कारण होते. पायांच्या त्या दुखण्याला तेव्हाचे डॉक्टर न्यूरायटिस म्हणत. १९५४ मध्ये तर ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय होते ६५.

आज आपल्या वस्तीत ६५ वर्षांचा माणूस 'पाय जळतात' म्हणाला, तर त्याला काय उत्तर मिळते? 'बाबा, आता वय झालं.' घरचे तेच म्हणतात, शेजारी तेच म्हणतात आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरसुद्धा कधी कधी तेच म्हणून पुढचा पेशंट बोलावतात. आम्ही वस्त्यांमध्ये ज्येष्ठांसोबत काम करतो. या एका वाक्याने जितके पाय आणि जितकी माणसे जातात, तितकी मधुमेहाच्या भीतीने जात नसावीत, असे आमचे मत झाले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या समाजात याची चर्चा बहुतेक 'गोड खाऊ नका' इथेच संपते. डोळे, किडनी, हृदय यांबद्दल थोडेफार ऐकलेले असते. नसांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. नसा म्हणजे इथे मज्जातंतू, रक्त वाहून नेणाऱ्या नव्हेत.

हे तंतू विजेच्या तारांसारखे. पायाला काटा रुतला ही खबर मेंदूपर्यंत पोहोचवायची, 'पाय उचल' हा हुकूम खाली आणायचा, शिवाय हृदयाचे ठोके, रक्तदाब, लघवी, पचन आपल्या नकळत चालू ठेवायचे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की दोन गोष्टी होतात. तंतूंना थेट इजा होते, आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्याही खराब होतात. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका बोटांना बसतो. मग हळूहळू मोजा घालावा तसा बधिरपणा घोट्याकडे, पोटरीकडे सरकतो. बराच वर गेल्यावर हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात.

मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा तरी हा त्रास होतो. कोणाला तळपायाची आग होते, रात्री जास्त. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. कोणाला सुया टोचल्यासारखे वाटते. कोणी सांगते, 'कापसावर चालल्यासारखं वाटतं.' पण यांतल्या निम्म्यांना काहीच जाणवत नाही आणि खरी अडचण तिथे आहे. दुखणारा पाय माणसाला दवाखान्यात नेतो. न दुखणारा पाय नेत नाही. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावले गेल्यावर कोणीतरी मागून हाक मारून सांगते, ही खूण आम्ही सगळ्यांत महत्त्वाची मानतो. घरात हसण्यावारी जाते ती.

आता हा बधिर पाय कोणाचा आहे तेही पाहू. बंगल्यातल्या आजोबांचा असेल तर तो मोज्यात, बुटात आणि गालिच्यावर असतो. आपल्याकडे तो शेतमजूर बाईचा असतो, पावसाळ्यात दिवसभर चिखलात. सफाई कामगाराचा असतो, आठ तास ओल्या गमबुटात. बिगाऱ्याचा असतो, खिळे पडलेल्या जागेवर घासलेल्या स्लिपरमध्ये. आजार एकच, पण पाय कुठे ठेवावा लागतो ते जात आणि मजुरी ठरवते. त्यामुळे 'जीवनशैलीचा आजार' हा शब्द आम्हाला कधी पटला नाही. रेशनचा तांदूळ आणि गहू हाच मुख्य आहार, भाजी आठवड्याच्या बाजाराला, आणि सगळ्यांच्या शेवटी उरले ते खाणारी आजी. यात तिने निवडलेली शैली कुठली?

जखम कशी होते ते ऐकले की विश्वास बसत नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय धरले, कातडी भाजली, कळले नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले, सकाळी फोड. भोवरी झाली म्हणून ब्लेडने कापली. दोन दिवस चप्पलमध्ये खडा होता. मग हळद, चुना, कोणीतरी दिलेला मलम, आणि आठ-दहा दिवसांनी वास यायला लागल्यावर दवाखाना. दुखत नसल्यामुळे 'साधी जखम आहे' हा समज पक्का झालेला असतो. एक प्रकार तर याहून फसवा आहे. पाय एकदम सुजतो, लाल आणि गरम होतो, पण दुखत नाही किंवा फार थोडे दुखते. आतली हाडे ठिसूळ होऊन मोडत असतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. मधुमेह असलेल्या माणसाचा गरम, सुजलेला पाय दुखत नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा आणि तोवर त्यावर भार द्यायचा नाही.

विहारात जाताना चपला बाहेर काढतो ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला दुपारी अंगणातली फरशी किती तापते ते आपल्याला कळते, कारण आपल्या पायांना चटका बसतो. ज्यांना चटकाच कळत नाही, ते त्या फरशीवर शांतपणे रांगेत उभे राहतात. संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात. जाड सुती मोजे घालून विहारात यायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. विहार समितीने हे स्वतःहून जाहीर सांगितले तर आजी-आजोबांना संकोच वाटणार नाही. आणि रांगेच्या वाटेवर पाणी मारणे, चटई टाकणे हे काम युवक मंडळाचे.

एका मिनिटाची तपासणी

नसांची तपासणी म्हटले की मोठे मशीन, मोठा खर्च असे वाटते. डॉक्टरांकडे यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा असतो, कंप पावणारा काटा असतो. पण इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली एक पद्धत फक्त बोटाने करायची आहे आणि ती कोणताही कार्यकर्ता शिकू शकतो.

माणसाला आरामात बसवा किंवा झोपवा, दोन्ही पाय उघडे. डोळे मिटायला सांगा. 'स्पर्श जाणवला की उजवा किंवा डावा एवढंच सांगा' असे समजावा. मग तुमच्या तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. क्रम असा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट, डावे मधले बोट. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही, चोळायचे नाही, कारण दाब जाणवणे आणि हलका स्पर्श जाणवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एका बोटाला दोनदा संधी द्यायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर त्या पायांची संवेदना कमी झाली आहे असे धरा आणि डॉक्टरकडे पाठवा. तेवढ्यातच तळवा, बोटांच्या मधली जागा आणि टाच पाहून घ्या. भेग, घट्टा, जखम, रंग बदललेला आहे का? आणि चप्पल उलटी करून पाहा. खिळा आरपार आलेला आणि माणसाला पत्ता नाही, असे दिसले तर आश्चर्य मानू नका.

कोणाचे पाय हातात घ्यायला आपल्या तरुणांना संकोच वाटतो असा अनुभव आहे. आजीला त्याहून जास्त वाटतो. पहिल्या दोघा-तिघांनंतर तो जातो.

बधिरपणा दिसला म्हणजे दरवेळी मधुमेहच, असे मात्र नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेवढ्याच जागी बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करायला हवी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. दुसरे, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची, चांगली गोळी वर्षानुवर्षे घेतली की काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि त्यानेही पाय बधिर होतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. हे औषधाने सुधारते, म्हणून बी-१२ ची तपासणी करायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. आग होण्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, साध्या पेनकिलरने ती थांबत नाही. मेडिकलमधून रोज पेनकिलर आणून खाल्ल्याने किडनीचे नुकसान होते, आग तशीच राहते. या वेगळ्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाला गुंगी येऊ शकते, तोल जाऊ शकतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बसून उठताना

वर्षावासात तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. आजी-आजोबा तास-दीड तास मांडी घालून ऐकतात, आणि संपल्यावर उठताना एखादी आजी भिंतीला हात लावते, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब आपोआप सांभाळणारे तंतू खराब झाले असतील तर उभे राहिल्यावर रक्तदाब झपकन खाली येतो. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर तो आजार आहे, अशक्तपणा नव्हे. कधी कधी रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांचाही त्यात वाटा असतो. उपाय घरचाच : आधी पाय हलवायचे, मग गुडघ्यावर यायचे, थोडे थांबायचे, आधार धरून उठायचे. वाचन संपल्यावर सगळ्यांनी एकदम उठायची घाई नको.

याच तंतूंमुळे लघवी पूर्ण सुटत नाही आणि पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. जेवण पोटात अडकून राहते. आणि हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता दम, घाम, मळमळ, एकाएकी आलेला थकवा, एवढेच. 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजण्याआधी हे आठवावे.

मेंदू : साखर घसरते तेव्हा, चढते तेव्हा

आपल्या समाजात विशेष बोलायला हवे असा एक विषय उपोसथाचा आहे. पौर्णिमेला आणि वर्षावासात अनेक उपासिका अष्टशील पाळतात, दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत जेवत नाहीत. निरोगी माणसाला त्याचा त्रास नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजीने सकाळी नेहमीचा डोस घेतला आणि दुपारनंतर काही खाल्ले नाही, तर संध्याकाळी किंवा रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मेंदूचे मुख्य इंधन साखर. ती ७० च्या खाली गेली की धोका सुरू, ५४ च्या खाली गेली की मेंदू नीट काम करत नाही. तरुण माणसाला थरथर होते, घाम येतो, भूक लागते. म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः नसा खराब झालेल्याला, या सूचना मिळतच नाहीत. एकदम असंबद्ध बोलणे, चिडचिड, झोकांड्या, जीभ जड होणे, फिट येणे किंवा बेशुद्धी. पुरुष असेल तर लोक म्हणतात, प्यायलाय.

शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी साखर मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या, मग जेवण द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. बरे वाटले तरी या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते, त्यामुळे दवाखाना चुकवू नये.

म्हणजे अष्टशील पाळू नये का? तसे आम्ही म्हणत नाही. उपोसथाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यावा, आणि इन्सुलिनवर असलेल्या किंवा आधी साखर घसरून बेशुद्ध पडलेल्या व्यक्तीने संध्याकाळी खावे. विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे विकाळीही घेण्याची मोकळीक भगवंतांनी दिल्याचे आले आहे. भिक्खूंना जी सवलत, ती मधुमेही उपासिकेला नाकारण्यात कसला धम्म? घरच्या मुलाने सांगितले तर आजी ऐकत नाही, भन्तेजींनी देसनेत दोन मिनिटे सांगितले तर ऐकते. युवकांनी वर्षावास सुरू होण्याआधी भन्तेजींना भेटून एवढी विनंती करावी.

उलट बाजूही आहे. वृद्धांची तहान मंदावते, लघवीतून पाणी जात राहते, त्यात ताप, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा पैशाअभावी बंद पडलेल्या गोळ्या. काही दिवसांत साखर ६०० च्या वर जाते आणि शरीर कोरडे पडते. माणूस सुस्त होतो, ओळखत नाही, अंगाची एक बाजू लुळी पडल्यासारखी होते, झटके येतात. क्वचित, एक हात किंवा पाय आपोआप वेडावाकडा उडू लागतो, थांबवता थांबत नाही. हे खूप वाढलेल्या साखरेत, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, दिसते आणि साखर ताब्यात आल्यावर बहुतेकदा थांबते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही अशा वेळी कोणीतरी हळूच 'बाहेरचं' बघायला सुचवते, ही आपली वस्तुस्थिती आहे. भगताकडे एक रात्र गेली तर ती शेवटची ठरू शकते. ज्येष्ठ माणूस अचानक बदलला की पहिले काम ग्लुकोमीटर, दुसरे काम दवाखाना. तोंड वाकडे झाले, हात गळला, बोलणे अडखळले तर पक्षाघात समजून निघायचे. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. तिथे साखरही मोजायला सांगा, कारण घसरलेली साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते.

स्मृतिभ्रंशाचा धोकाही मधुमेहात वाढतो. त्यातून एक चक्र तयार होते. विसरणारी आजी गोळी दोनदा घेते किंवा घेतच नाही, साखर वर-खाली होते, मेंदूला आणखी इजा होते. म्हणून एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या ज्येष्ठाची साखर अगदी 'नॉर्मल' आणायचा हट्ट धरू नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी तरुणाला ७ च्या खाली आणायला सांगतात. बरेच आजार असलेल्या वृद्धासाठी ८ पर्यंत चालवून घेतात, कारण घसरण जास्त धोक्याची. 'आमच्या आईची शुगर ८० वर आणली' असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलांना हे कळायला हवे.

१४ एप्रिलच्या शिबिरात

जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला आपली मंडळे आरोग्य शिबिरे घेतात. टेबल, बॅनर, ग्लुकोमीटर, बोटाला टोचणे, चिठ्ठीवर आकडा. ती चिठ्ठी लिहून माणूस पुढच्या स्टॉलवर जातो. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला तर लोक दुरून प्रवास करून, तास न् तास चालून, रांगेत उभे राहून येतात. कितीतरी ज्येष्ठांच्या पायांत त्या दिवशीच फोड आलेले असतात आणि स्टॉलवर कोणी पाय बघत नाही. एक खुर्ची, एक पाट, पाणी, साबण, टॉवेल, निर्जंतुक पट्ट्या आणि वरची तपासणी शिकलेले दोन कार्यकर्ते एवढे वाढवले तर शिबिराचा खर्च फारसा वाढत नाही. साखरेची पाकिटे मात्र टेबलावर हवीतच.

चिठ्ठीवर आकड्यासोबत चार गोष्टी लिहा : कोणत्या गोळ्या चालू, पायांचा स्पर्श सहापैकी किती, जखम आहे की नाही, कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी जायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह-रक्तदाब तपासणी मोफत व्हायला हवी, नेहमीच्या गोळ्याही मिळायला हव्यात. गोळ्या संपल्या असे सांगितले तर ते तारखेसह लेखी मागा. वर्षातून एकदा पायांची तपासणी हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, तीही मागा. बधिर पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, मागे पट्टा असलेली घ्या, म्हणजे निसटत नाही.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी ज्यांचा स्पर्श कमी आढळला त्यांच्या घरी जायला दोन नावे आधीच ठरवून ठेवा. वहीत आजीचे नाव, पत्ता, जाणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव, तारीख. आमच्या अनुभवात शिबिरातून पाठवलेली माणसे बहुतेक दवाखान्यात जात नाहीत, कारण एक दिवसाची मजुरी बुडते किंवा सोबत यायला कोणी नसते. ज्यांच्या दारात मोटारसायकल घेऊन कोणी उभे राहते, ती जातात.